अनुपान आणि औषध : मेरुरज्जूच्या इजेनंतरचा दाह व नॅनो-वैद्यक

१

पिंपरीहून पवना ओलांडली की काळेवाडी लागते आणि तिला लागूनच रहाटणी. एके काळी शेतीवर जगणाऱ्या ह्या गावाच्या शिवारात आज बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यात राबणाऱ्या कामगार-कारकुनांची तेथे दाट वस्ती झाली आहे. अशा वस्तीत मेरुरज्जूला इजा होण्याचे प्रसंग कोणते, हे सांगण्यास वेगळ्या पाहणीची आवश्यकता नाही. परांचीवरून कोसळणारा गवंडी, रात्रपाळी आटोपून दुचाकीवरून परतताना घसरणारा तरुण, गाडीतून माल उतरविताना ओझ्याखाली सापडणारा हमाल, ही त्यांची नित्याची रूपे होत. भारतीय रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांतही उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही दोन कारणे अग्रभागी असतात व रुग्ण बहुधा कमावत्या वयाचा पुरुष असतो. त्याच्या कण्याचे हाड मोडते ते एका क्षणात; परंतु मेरुरज्जूचा नाश त्या क्षणी पुरा होत नाही. तो पुढे कित्येक तास, कित्येक दिवस चालू राहतो. नॅनो-वैद्यकाने ह्या क्षेत्रात जी आशा निर्माण केली आहे, ती सारी ह्या एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

ही वस्तुस्थिती नव्याने कळलेली नव्हे. अमेरिकेतील ए. आर. ॲलन ह्यांनी १९११ मध्ये कुत्र्यांच्या उघड्या केलेल्या मेरुरज्जूवर ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन टाकून मोजकी इजा घडवून आणण्याची पद्धत वर्णिली. इजेनंतर मेरुरज्जूत साचलेले रक्त व द्रव लवकर काढून टाकल्यास प्राण्याची स्थिती सुधारते, असे त्यांस आढळले. आघाताने होणाऱ्या नाशाखेरीज आघातानंतर उद्भवणाऱ्या घातक द्रव्यांमुळेही नाश होत असला पाहिजे, ही कल्पना तेव्हापासून रुजली. पहिल्यास प्राथमिक इजा व दुसऱ्यास दुय्यम इजा म्हणण्याचा प्रघात पुढे पडला. प्राथमिक इजा टाळणे हे परांची बांधणाराचे आणि रस्ता आखणाराचे काम. दुय्यम इजा आवरणे हे वैद्याचे.

दुय्यम इजेत दाहाचा वाटा मोठा आहे, आणि तो आवरावयाचा तर औषध नेमके इजेच्या जागी नेणारे सूक्ष्म कण हवेत, हा गेल्या सुमारे वीस वर्षांतील वाङ्मयाचा मुख्य सूर आहे. ह्या वाङ्मयाची सूची देणे हा प्रस्तुत समीक्षेचा हेतू नाही. त्यातील दावा कोठे सिद्ध झाला आहे व कोठे केवळ गृहीत धरला आहे ह्याचा निवाडा करणे, आणि रहाटणीसारख्या ठिकाणच्या रुग्णाच्या दृष्टीने त्याचे मोल काय ते पाहणे, एवढाच तिचा हेतू आहे.

२

दाह हा शब्द जळण्याची भावना सुचवितो. त्यामुळे त्याचे शमन करणे हे आपोआपच हिताचे वाटते. शास्त्रीय अर्थाने मात्र दाह म्हणजे इजा झालेल्या भागाकडे शरीराने धाडलेली पेशींची व रसायनांची कुमक होय. मेरुरज्जूत ही कुमक ठरावीक क्रमाने येते. तेथेच वसणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी प्रथम जाग्या होतात. रक्तातील न्यूट्रोफिल पेशी काही तासांत येऊ लागतात व प्रायोगिक प्राण्यांत सुमारे एका दिवसात त्यांची संख्या कमाल होते. मोनोसाइट पेशी दोन-तीन दिवसांनी येऊन महाभक्षी पेशींचे, म्हणजे मॅक्रोफेजांचे रूप घेतात आणि आठवड्याच्या सुमारास त्यांची गर्दी सर्वाधिक असते. मृत अवशेष गिळून जागा साफ करणे हे ह्या पेशींचे उपकारक कार्य. परंतु त्याच वेळी त्यांनी सोडलेले ऑक्सिडीकारक व प्रथिनभंजक पदार्थ शेजारच्या वाचलेल्या मज्जातंतूंचाही नाश करतात.

ह्या दुहेरी स्वरूपाचा पुरावा परस्परविरोधी वाटावा इतका स्पष्ट आहे. फिलिप पोपोविच व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ मध्ये क्लोड्रोनेट हे द्रव्य लिपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पुटिकांमध्ये, भरून उंदरांना दिले. रक्तातून येणाऱ्या महाभक्षी पेशी त्याने घटल्या, अधिक ऊतक वाचले आणि मागच्या पायांच्या हालचालीत अंशतः सुधारणा झाली. ह्याच्या एकच वर्ष आधी, १९९८ मध्ये, इझ्राएलमधील मिशल श्वार्ट्झ ह्यांच्या गटाने नेमके उलटे केले होते. त्यांनी विशेष रीतीने चेतविलेल्या महाभक्षी पेशी पंगू उंदरांच्या मेरुरज्जूत सोडल्या आणि त्यांनाही अंशतः सुधारणाच दिसली. ही दुसरी पद्धत माणसांवर करून पाहिली असता ४३ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत तिचा लाभ आढळला नाही; हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकच पेशी मारक व तारक कशी, ह्याचा उलगडा पुढील संशोधनाने काही अंशी केला. महाभक्षी पेशींचे वर्तन एकविध नसून त्यांत एक मारक व एक पोषक अशा प्रवृत्ती असतात, आणि इजा झालेल्या मेरुरज्जूत मारक प्रवृत्ती टिकून राहते तर पोषक प्रवृत्ती अल्पायुषी ठरते, असे क्रिस्टिना किगर्ल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले. आज ही दोन कप्प्यांची विभागणी फार ढोबळ मानली जाते. तथापि तिने प्रश्नाची दिशा बदलली हे मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये तर मायक्रोग्लिया पेशी इजेभोवती संरक्षक कडे रचतात आणि त्या काढून टाकल्यास प्राण्यांची स्थिती अधिक बिघडते, असे निष्पन्न झाले. म्हणजे ‘दाह किती कमी झाला’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पेशींचा दाह, कोणत्या दिवशीचा आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हे सांगितल्याशिवाय दाहशमनाच्या आकड्यास अर्थ येत नाही. असे असूनही कित्येक निबंधांत दाहकारक द्रव्यांची पातळी घटली एवढ्यावरच उपचाराचे यश घोषित केलेले दिसते.

३

दाहशमनाच्या कल्पनेची माणसांवरील खरी परीक्षा मिथिलप्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉइडच्या रूपाने झाली. तिचा इतिहास नॅनो-वैद्यकाच्या अभ्यासकाने बारकाईने वाचला पाहिजे. कारण नॅनोकणांचे समर्थन बहुधा ह्याच इतिहासाच्या एका विशिष्ट वाचनावर आधारलेले असते.

अमेरिकेतील राष्ट्रीय अभ्यासाच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात ह्या औषधाच्या कमी व अधिक अशा दोन मात्रांची तुलना झाली. सुधारणेत फरक आढळला नाही. अधिक मात्रेच्या गटात जखमेचा संसर्ग मात्र अधिक झाला. १९९० च्या दुसऱ्या भागात ४८७ रुग्ण होते आणि मात्रा फारच मोठी होती. प्रथम दर किलोग्रॅम वजनास ३० मिलिग्रॅम एकदम, आणि पुढील २३ तास दर तासाला दर किलोग्रॅमला ५.४ मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसास ह्या हिशेबाने एका दिवसात सुमारे सव्वानऊ ग्रॅम औषध जाते. एकंदर गटात लाभ ठरला नाही. परंतु इजेपासून ८ तासांच्या आत ज्यांना औषध मिळाले त्या उपगटात स्नायुशक्तीच्या ७० गुणांच्या मापावर सुमारे ५ गुणांची अधिक सुधारणा दिसली. तेवढ्या आधारावर हा उपचार जगभर रूढ झाला. १९९७ च्या तिसऱ्या भागात ४९९ रुग्णांवर २४ व ४८ तासांच्या उपचारांची तुलना केली असता दीर्घ उपचाराच्या गटात तीव्र न्यूमोनिया व तीव्र जंतुदोष अधिक आढळला. पुढे २००४ मध्ये डोक्याला इजा झालेल्या १०,००८ रुग्णांच्या चाचणीत हेच औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण १७.९ टक्के होते. ती इजा मेरुरज्जूची नव्हती हे खरे, पण मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड निरुपद्रवी असते हा समज तिने मोडला. २०१३ मध्ये अमेरिकेतील मज्जाशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी ह्या उपचाराची शिफारस करू नये असे ठरविले. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ८ तासांच्या आतील २४ तासांचा उपचार एक पर्याय म्हणून पुन्हा सुचविला. वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

ह्या इतिहासाचे दोन अर्थ संभवतात. पहिला असा की, औषधाचा मूळ गुणच अल्प आहे. दुसरा असा की, औषध गुणकारी आहे, परंतु साऱ्या शरीरात पसरल्यामुळे इजेच्या जागी थोडे व इतरत्र फार पोहोचते. म्हणून लाभ थोडा व अपाय मोठा. नॅनो-वैद्यकाच्या वाङ्मयाने दुसरा अर्थ स्वीकारला. तो चूक आहे असे म्हणता येत नाही. पण तो एक पक्ष आहे, सिद्धान्त नव्हे. आणि पुष्कळ निबंधांच्या प्रस्तावनेत तो सिद्धान्ताच्या आवेशात मांडलेला असतो, हे मात्र म्हटले पाहिजे.

४

आयुर्वेदात औषधाबरोबर घ्यावयाच्या मध, तूप, कोमट पाणी इत्यादी द्रव्यांस अनुपान म्हणतात. मधास योगवाही म्हटले आहे, कारण ज्याच्याबरोबर तो द्यावा त्याचा गुण तो वाहून नेतो अशी समजूत आहे. औषध वाहणारा नॅनोकण हे एका अर्थी आधुनिक अनुपानच होय. अनुपानाने औषधाचा गुण योग्य ठिकाणी पोहोचेल, त्याचा विषार कमी होईल. पण औषधात जो गुण नाही तो अनुपानाने येणार नाही. ही साधी गोष्ट ध्यानी ठेवली तर ह्या वाङ्मयातील बराचसा गोंधळ निवळतो.

ह्याचे एक चांगले उदाहरण रहाटणीपासून पवनेपलीकडेच सापडते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याच्या संशोधनशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याला पिंपरीच्या नावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले गेले. हॅमायसिन बुरशीचा नाश करते ह्यात संशय नव्हता; अडचण होती ती त्याच्या विषारीपणाची. पुढे दिल्लीत बिमल बछावत ह्यांच्या गटाने ते लिपोसोममध्ये घालून उंदरांवर प्रयोग केले व त्याचा विषार घटल्याचे दाखविले. त्याच कुळातील ॲम्फोटेरिसिन-बी ह्या औषधाचे लिपोसोमयुक्त रूप १९९० च्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर ह्यांनी दिल्लीच्या ह्या गटाच्या सहकार्याने रुग्णांपर्यंत नेले. मूत्रपिंडास अपाय करणारे एक जुने औषध त्यामुळे पुष्कळ सुसह्य झाले. महाराष्ट्रातील नॅनो-वैद्यकाचा हा एक खरा विजय आहे. त्याचे कारण असे की, तेथे औषधाचा गुण निर्विवाद होता आणि वाहकाकडून केवळ अपाय कमी करण्याची अपेक्षा होती.

मिथिलप्रेडनिसोलोनची स्थिती नेमकी ह्याच्या उलट आहे. रवी बेल्लमकोंडा ह्यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २००८ व २००९ मध्ये हे औषध पीएलजीए ह्या शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या कणांत भरून उंदरांच्या इजा झालेल्या मेरुरज्जूवर थेट ठेवले. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या मात्रेच्या मानाने औषध फारच थोडे लागले, दाहकारक पेशी घटल्या व इजेचा विस्तार कमी राहिला. प्रयोग कुशल आहेत ह्यात शंका नाही. तथापि औषध थेट जागेवर ठेवल्याचा लाभ किती आणि ते कणांत भरल्याचा लाभ किती, हे वेगळे काढावयाचे तर तेवढेच मोकळे औषध त्याच जागी ठेवलेला गट आणि रिकामे कण ठेवलेला गट, असे दोन्ही तुलनागट प्रत्येक मापनासाठी हवेत. अशा प्रकारच्या निबंधांची परीक्षा करताना ही पहिली कसोटी होय.

दुसरा वर्ग इटलीतील मारियो नेग्री संस्थेतील पिएत्रो व्हेल्यानेझे ह्यांच्या गटाच्या कार्याचा. त्यांनी २०१३ मध्ये चेतविलेल्या मायक्रोग्लिया व महाभक्षी पेशीच कण निवडून गिळतात असे दाखविले आणि २०१६ मध्ये मिनोसायक्लीन हे प्रतिजैविक अशाच मार्गाने त्या पेशींत पोहोचवून दीर्घकाळ टिकणारे संरक्षण मिळाल्याचे नोंदविले. येथे दाहाचा सरसकट नाश नसून विशिष्ट पेशींवर विशिष्ट वेळी कार्य आहे. म्हणून वैचारिक दृष्ट्या हा मार्ग पहिल्याहून वरच्या प्रतीचा आहे. परंतु मूळ औषधाचा प्रश्न येथेही सुटत नाही. कॅनडात ५२ रुग्णांना मिनोसायक्लीन शिरेतून देऊन केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानेच्या इजेच्या रुग्णांत आशादायक कल दिसला; एकंदर गटातील फरक मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित ठरला नाही.

तिसरा वर्ग सर्वांत विलक्षण आहे, कारण त्यात औषधच नाही. डॅनियल गेट्स व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे दाखविले की, ऋणभारित रिकामे कण शिरेतून दिले असता दाहकारक मोनोसाइट पेशी ते गिळतात आणि इजेच्या जागी जाण्याऐवजी प्लीहेकडे वळून तेथे नष्ट होतात. लॉनी शे ह्यांच्या मिशिगन विद्यापीठातील गटाने २०१७ व २०१९ मध्ये हीच पद्धत मेरुरज्जूची इजा झालेल्या उंदरांवर वापरली. इजेच्या जागी येणाऱ्या पेशी घटल्या, उरलेल्यांचे वर्तन पोषक प्रवृत्तीकडे झुकले आणि चालण्यात सुधारणा झाली. येथे अनुपान हेच औषध झाले आहे. हे कण सुमारे ५०० नॅनोमीटर व्यासाचे, म्हणजे नॅनो शब्दाच्या रूढ १०० नॅनोमीटरच्या मर्यादेबाहेरचे आहेत. परंतु नावाचा हा प्रश्न गौण होय. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रिकामा कण स्वतःच दाह बदलीत असेल, तर औषधयुक्त कण शिरेतून दिलेल्या ज्या ज्या प्रयोगात रिकाम्या कणांचा तुलनागट ठेवलेला नाही, त्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष संशयास्पद ठरतो. तिसऱ्या वर्गाने आधीच्या दोन वर्गांच्या पुराव्याची अशी फेरतपासणी अपरिहार्य केली आहे. वाङ्मयात तिचा निर्देश क्वचितच आढळतो.

५

ह्यानंतर प्रश्न येतो तो मापनाचा आणि प्रमाणाचा. बेल्लमकोंडा गटाच्या २००८ च्या निबंधात जागेवर ठेवलेले औषध दोन दिवसांत मेरुरज्जूत सुमारे दीड मिलिमीटर खोल शिरल्याचे म्हटले आहे. उंदराच्या मेरुरज्जूची रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर असल्याने दीड मिलिमीटर म्हणजे जवळजवळ मध्यापर्यंत मजल झाली. माणसाचा मेरुरज्जू सुमारे एक सेंटीमीटर रुंद असतो. त्यात दीड मिलिमीटर म्हणजे केवळ काठ. दुय्यम इजेचा आरंभ बहुधा मध्यभागातील करड्या भागात होतो. अंतराचा हा अडसर कणांच्या रचनेतील सूक्ष्म कौशल्याने दूर होत नाही. शिवाय औषध जागेवर ठेवावयाचे तर कणा उघडावा लागतो, आणि ते शल्यकर्म रुग्ण स्थिर झाल्याखेरीज होत नाही.

शिरेतून दिलेल्या कणांपुढील अडचण निराळी आहे. रक्त व मेरुरज्जू ह्यांच्यामधील स्वाभाविक अटकाव इजेमुळे काही काळ ढिला पडतो आणि त्या वाटेने कण आत शिरतील अशी अपेक्षा असते. परंतु रक्तात सोडलेल्या कणांपैकी बहुतेक यकृत व प्लीहा गिळून टाकतात. अर्बुदांसंबंधीच्या अशाच प्रयोगांची एकत्रित छाननी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मात्रेचा जो अंश अर्बुदात पोहोचतो त्याचे मध्यक केवळ ०.७ टक्का निघाले. मेरुरज्जूचा आकडा तोच असेल असे नाही. पण ‘लक्ष्यवेधी’ हे विशेषण किती जपून वापरावे, ह्याची कल्पना त्यावरून येते. ज्या पद्धतीत कण प्लीहेतच जावेत अशी योजना आहे, तिला ही अडचण बाधत नाही. तिसऱ्या वर्गाच्या बाजूने हा एक सबळ मुद्दा आहे.

सुधारणेचे मापही तपासून पाहण्याजोगे आहे. उंदराच्या मागच्या पायांच्या हालचालीसाठी १९९५ पासून ० ते २१ गुणांचे एक माप रूढ आहे. त्यावरील दोन-तीन गुणांची वाढ लेखात ठळक दिसते. तथापि उंदराचे चालणे पुष्कळ अंशी मेरुरज्जूतीलच मज्जाजालावर चालते, माणसाचे मेंदूवर अधिक अवलंबून असते. त्यातही प्रयोगांतील इजा बहुधा छातीच्या पातळीवरची असते. मानेच्या पातळीवरच्या इजेने हात गेलेल्या माणसाची पहिली मागणी चालण्याची नसून घास तोंडाशी नेण्याची, आणि मूत्राशय ताब्यात येण्याची असते. ह्या गोष्टी मोजणारे निबंध विरळा आहेत. त्यात भर अशी की, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ह्या क्षेत्रातील गाजलेले प्रयोग स्वतंत्र प्रयोगशाळांत पुन्हा करवून घेतले तेव्हा बहुतेकांचा मूळ निष्कर्ष जसाच्या तसा मिळाला नाही; ह्याचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कोणाची लबाडी होती असे नव्हे. लहान गट, इजेतील अल्पसा फरक, आणि यशस्वी प्रयोगच छापण्याची सवय ह्यांचा तो परिणाम होता. नॅनोकणांच्या बाबतीत, जेथे एका घाण्यातील कण दुसऱ्या घाण्यातील कणांशी तंतोतंत जुळत नाहीत, ही शंका अधिकच बळावते.

६

आता पुन्हा रहाटणीकडे वळणे युक्त होईल. प्रयोगशाळेतील उंदीर भूल दिलेला असतो, त्याला एकच इजा झालेली असते आणि पहिली मात्रा पुष्कळदा इजेनंतर लगेच किंवा दोन-एक तासांत मिळते. परांचीवरून पडलेल्या गवंड्याचे तसे नसते. त्याची बरगडी मोडलेली असते, रक्तदाब घसरलेला असतो. सोबत्यांनी त्याला खांद्यांना व पायांना धरून उचलले, तर अस्थिर झालेला कणा त्या उचलण्यानेच अधिक सरकतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे, आणि पिंपरीचे महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय रहाटणीहून दूर नाही. तरीही मानेला आधार देऊन उचलणे, रक्तदाब सावरणे, प्रतिमाचित्रण, निदान आणि शल्यकर्माची सिद्धता ह्या पायऱ्यांत तास सरतात. ८ तासांची मर्यादा कागदावर ऐसपैस वाटते. पायरीपायरीने मोजली असता ती तशी राहत नाही.

ह्या दृष्टीने तिन्ही वर्गांचे मोल वेगवेगळे ठरते. कणा उघडून जागेवर ठेवावयाचे कण शल्यकर्माला बांधलेले आहेत. ते येथील रुग्णास वेळेवर मिळणे दुष्कर. पेशीवेधी कण विचाराने सरस असले तरी त्यांत भरावयाच्या औषधाचा गुण अजून ठरावयाचा आहे. शिरेतून द्यावयाचे रिकामे कण मात्र साध्या सलाइनच्या नळीतून देता येतात, त्यांचे द्रव्य शल्यकर्मातील विरघळणाऱ्या टाक्यांच्या रूपाने वैद्यांच्या परिचयाचे आहे, आणि महाभक्षी पेशींची लाट दोन-तीन दिवसांनी येत असल्याने त्यांना कार्य करण्यास अवधीही अधिक सापडतो. आजवरच्या पुराव्यावरून निवड करावयाची झाल्यास पुढील परीक्षेस हाच मार्ग अधिक योग्य दिसतो. परंतु ही निवड परीक्षेपुरती आहे. मेरुरज्जूच्या इजेवर नित्योपचार म्हणून मान्यता पावलेले एकही नॅनो-औषध आज नाही, हे विद्यार्थ्याने क्षणभरही विसरू नये.

ह्या मार्गातही एक धोका आहे, आणि येथील परिस्थितीत तो मोठा आहे. मेरुरज्जूच्या इजेने शरीराची रोगप्रतिकारशक्ती आधीच खचते. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि एका कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या शय्याजखमा हीच अशा रुग्णांच्या मृत्यूची मोठी कारणे आहेत. ज्या मोनोसाइट पेशींना प्लीहेकडे वळवावयाचे त्याच पेशी जंतूंशी लढण्यासही लागतात. निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरास त्यांची उणीव भासणार नाही. गर्दीच्या कक्षात मूत्रनलिका लावून पडलेल्या माणसास ती भासेल. १९९७ च्या अभ्यासातील न्यूमोनियाचा धडा हाच होता. तेव्हा संसर्गाची जोड दिलेल्या प्राण्यांवर ह्या कणांची परीक्षा झाल्याखेरीज त्यांना निर्धोक म्हणता येणार नाही.

उपचाराचे यश कशात मानावे, ह्याचाही विचार येथेच केला पाहिजे. रहाटणीपासून काही मैलांवर खडकी येथे पंगू सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झालेले मुरलीकांत पेटकर ह्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, ही घटना सर्वश्रुत आहे. त्या काळी दाहशमनाचे नवे औषध नव्हते. होती ती शुश्रूषा, व्यायाम आणि चिकाटी. नॅनो-वैद्यकाने ह्या गोष्टींची जागा घ्यावयाची नसून त्यांत भर घालावयाची आहे. ज्या रुग्णालयात दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्यास माणूस मिळत नाही, तेथे सर्वोत्कृष्ट कणही वाया जाईल.

सारांश, ह्या वाङ्मयाने वाहकाच्या रचनेत मोठी प्रगती केली आहे, पण वाहकाचा गुण आणि औषधाचा गुण ह्यांची गल्लत त्यात वारंवार झाली आहे. ती टाळण्यास चार प्रश्न पुरे आहेत. रिकाम्या कणांचा आणि मोकळ्या औषधाचा तुलनागट आहे काय? पहिली मात्रा माणसास शक्य आहे इतक्या उशिरा दिली आहे काय? दाहाच्या आकड्याखेरीज हात, मूत्राशय व संसर्ग ह्यांचे मापन केले आहे काय? आणि तोच निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत निघाला आहे काय? ह्या क्षेत्रात प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने नवा कण घडविण्यापूर्वी जुन्या कणास हे चार प्रश्न विचारावेत. पहिली मात्रा ६ ते ८ तास विलंबाने दिलेला, मानेच्या इजेवरचा आणि सर्व तुलनागट असलेला एक सावध प्रयोग, निकाल नकारार्थी निघाला तरी, नव्या कणांवरील दहा निबंधांपेक्षा रहाटणीच्या गवंड्यास अधिक उपयोगी पडेल.